राजे बख्त बुलंद शहा : देवगडची गादी आणि वैनगंगेचा काठ

प्रास्ताविक

चरित्र या वाङ्मयप्रकाराचा परिचय आपण करून घेतला आहे. चरित्रनायकाने स्वतः लिहिलेली पत्रे, रोजनिशी किंवा आत्मवृत्त हाती असेल, तर चरित्रकाराचे काम पुष्कळ सुकर होते. प्रस्तुत घटकात आपण ज्या पुरुषाचे चरित्र अभ्यासणार आहोत, त्यांच्याविषयी जे लिहिले गेले ते बहुतांशी इतरांनी लिहिले. मोगल दरबारच्या बातमीपत्रांत ते एक उपद्रवी जमीनदार म्हणून येतात. मराठ्यांच्या इतिहासात एक संभाव्य मित्र म्हणून क्षणभर दिसतात. आणि इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याच्या १८२७ च्या अहवालात त्यांचे वर्णन प्रजेची भरभराट करणारा राजा असे आहे. ही तीनही चित्रे एकाच माणसाची आहेत, हे ध्यानात ठेवूनच पुढील मजकूर वाचावा.

हे चरित्रनायक म्हणजे देवगडचे गोंड राजे बख्त बुलंद शहा. नागपूर शहराचे संस्थापक म्हणून त्यांचे नाव आपण ऐकलेले असेल. नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागात त्यांचा पुतळा आहे. परंतु गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव किंवा अर्जुनी मोरगाव येथे राहून हा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना त्यांचे चरित्र अधिक जवळचे वाटावे, असे एक कारण आहे. आपल्या शेजारी कोणते लोक राहतात, ते कोठून आले, घरात कोणती बोली बोलतात, आणि डोंगरात कोण राहिले व सपाटीवर कोण आले, या प्रश्नांच्या उत्तरांचा काही भाग या राजांच्या कारकिर्दीत सापडतो.

देवगडचे राज्य

देवगडचा किल्ला आज मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात आहे. सातपुड्याच्या रानात, उंच टेकडीवर उभ्या असलेल्या या किल्ल्यावरून गोंड राजांनी सोळाव्या शतकापासून राज्य केले. घराण्याचा मूळ पुरुष जाटबा. त्यांच्यापूर्वी तेथे गवळी राजांचा अंमल होता आणि जाटबांनी तो मोडून आपली सत्ता स्थापन केली, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. कथेचा भाग बाजूला ठेवला तरी जाटबा हे अकबराच्या काळात नाव घेण्याजोगे राजे होते, यात शंका नाही. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त त्यांच्या पदरी दोन हजार घोडेस्वार, पन्नास हजार पायदळ आणि शंभराहून अधिक हत्ती असल्याची नोंद आहे. आकडे फुगवलेले असतील. पण दिल्लीच्या कारकुनांना ते लिहून ठेवावेसे वाटले, हेही महत्त्वाचे आहे.

त्या काळी गोंडवनात एकच गोंड राज्य नव्हते. उत्तरेस गढा-मंडला, दक्षिणेस चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर, आणि मध्ये देवगड अशी प्रमुख राज्ये होती. तीनही राजघराणी गोंड असली, तरी त्यांचे परस्परसंबंध भाऊबंदकीचेच होते. कधी सोयरीक, कधी लढाई. मोगलांना या राज्यांत रस होता तो मुख्यतः हत्ती आणि खंडणी या दोन गोष्टींसाठी. १६३७ मध्ये खान दौरान याने नागपूरच्या गढीला वेढा घातला, तेव्हा देवगडच्या राजांना पैसा आणि हत्ती देऊन सुटका करून घ्यावी लागली. १६५५ मध्ये पुन्हा फौज आली. १६६७ मध्ये दिलेरखान आला आणि त्याने चांदा व देवगड या दोन्ही राज्यांवर जबर खंडणी बसवली. खंडणी थकली की फौज, फौज गेली की पुन्हा थकबाकी. असे हे चक्र दोन पिढ्या चालू होते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. १६३७ मध्येच नागपूर या नावाची गढी होती. त्याहीपूर्वी, राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या इ. स. ९४० च्या देवळी ताम्रपटात नागपूर-नंदिवर्धन असा प्रदेशाचा उल्लेख येतो. तेव्हा बख्त बुलंद शहांनी नागपूर वसवले, या विधानाचा अर्थ त्यांनी रिकाम्या माळावर एक नाव आणून ठेवले, असा घ्यावयाचा नाही. तो अर्थ कसा घ्यावा, हे आपण पुढे पाहू.

धर्मांतर आणि गादी

खंडणीच्या ओझ्याने वाकलेल्या घराण्यात वारसाहक्काचे भांडण लागले, तर दोन्ही बाजूंची नजर बाहेरच्या बलिष्ठाकडे वळते. देवगडला नेमके हेच घडले. गादीवर हक्क सांगणारा एक तरुण राजपुत्र औरंगजेबाकडे गेला. बादशहा त्या वेळी दख्खनमध्ये विजापूर आणि गोवळकोंडा यांच्या मागे लागलेला होता. १६८६ मध्ये या राजपुत्राने इस्लामचा स्वीकार केला आणि बादशहाने त्याला बख्त बुलंद हे नाव देऊन देवगडचा राजा म्हणून मान्यता दिली. बख्त म्हणजे भाग्य, बुलंद म्हणजे उंच. उच्च भाग्याचा पुरुष असा या नावाचा अर्थ.

या घटनेचे मूल्यमापन करताना आपण घाई करू नये. काही लेखकांनी तिला केवळ राजकीय सौदा म्हटले, तर काहींनी जुलमाचे धर्मांतर म्हटले. उपलब्ध घटनाक्रम पाहता गादीचा हेतू स्पष्ट दिसतो. पण एवढ्यावरून राजाची श्रद्धा खोटी होती, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. पुढे बादशहाशी उघड वैर झाल्यावर त्यांना जुन्या धर्मात परतण्यास अडसर नव्हता. तरीही ते मुसलमान राहिले आणि त्यांचे वंशजही मुसलमानच राहिले. उलट बाजूने पाहिले, तर या घराण्याने गोंड घराण्यांशी असलेले विवाहसंबंध आणि अनेक गोंड रीतिरिवाज सोडले नाहीत. राजाने बादशहाच्या पंक्तीला बसावे, मात्र बेटीव्यवहार आपल्याच लोकांत राखावा, अशी अट ठरली होती, असे परंपरेने सांगितले जाते. प्रजेवर नवा धर्म लादल्याचे दिसत नाही. वैनगंगेच्या खोऱ्यातील गोंड समाज आपल्या पेनांची पूजा करीत राहिला, आणि आजही माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहेकडे त्याची रीघ लागते.

राजा मुसलमान आणि प्रजेतील पुष्कळ लोक आपल्या जुन्या श्रद्धांवर, ही स्थिती जगात केवळ देवगडलाच होती असे नाही. आफ्रिकेतील चाड सरोवराभोवती कानुरी लोकांचे कानेम-बोर्नू हे राज्य होते. तेथील सैफावा घराण्याने अकराव्या शतकात इस्लाम स्वीकारला. सहारा वाळवंट ओलांडून येणाऱ्या व्यापाऱ्यांबरोबर तो धर्म तेथे पोचला होता. राजदरबार मुसलमान झाला, तरी गावोगावच्या जुन्या चालीरीती पुढे शतकानुशतके टिकून राहिल्या. तेराव्या शतकात दुनामा दब्बलेमी या राजाने पूर्वजांची एक पवित्र वस्तू उघडून टाकली, तेव्हा राज्यात मोठा क्षोभ झाल्याचे तेथील इतिहासकार नोंदवतात. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इद्रीस अलूमा याने ते राज्य वैभवाला नेले आणि हे घराणे एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकले. दोन्हीकडील फरकही पाहा. कानुरी राजांना धर्म व्यापाराच्या वाटेने भेटला आणि त्यांच्यावर कोणी बादशहा नव्हता. बख्त बुलंद शहांना तो गादीच्या वाटेने भेटला आणि ती गादी देणारा हात ती काढूनही घेऊ शकत होता.

आणि त्याने ती काढून घेतली. १६९१ मध्ये, म्हणजे अवघ्या पाच वर्षांत, बख्त बुलंद शहांना पदच्युत करून दीनदार नावाच्या दुसऱ्या गोंड राजपुत्राला देवगड देण्यात आले. तोही मुसलमान झालेलाच होता. बख्त बुलंद शहांना बादशाही छावणीत नजरेखाली ठेवण्यात आले. १६९५ च्या सुमारास दीनदारही बिघडला. त्याला हाकलून तिसऱ्याला बसवण्यात आले, त्यानेही इस्लाम स्वीकारून नेकनाम हे नाव घेतले होते. दहा वर्षांत तीन राजे आणि तिघेही एकाच दरवाजातून आत आलेले. देवगडच्या रयतेने या उलाढालीकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल, याची कल्पना आपणच करावी. बादशहाच्या दृष्टीने धर्मांतर ही निष्ठेची खूण होती; अनुभव मात्र त्याला प्रत्येक वेळी उलटा आला.

बंडखोर राजा

छावणीतील ती वर्षे राजांनी कशी काढली असतील? विजापूर आणि गोवळकोंडा पडलेले, संभाजी महाराजांचा वध झालेला, आणि तरीही मराठ्यांचे युद्ध संपत नाही, हे त्यांना तेथे रोज दिसत असणार. बादशहाचे सामर्थ्य किती आहे आणि कोठे संपते, हे त्याच्या छावणीत राहणाऱ्याइतके कोणाला कळणार? जामिनावर मोकळीक मिळताच ते निसटले, देवगडला पोचले आणि त्यांनी बंड उभारले. बादशहाने संतापून त्यांचे नाव बदलण्याचा हुकूम दिला, असे सांगतात. बख्त बुलंद ऐवजी निगूनबख्त, म्हणजे ज्याचे भाग्य उलटले असा. नाव देणारा नाव परत घेऊ पाहत होता. लोकांनी मात्र पहिलेच नाव लक्षात ठेवले.

१६९९ च्या उन्हाळ्यात मोगल फौजेने देवगडचा किल्ला घेतला. राजांनी तेव्हा साताऱ्याकडे मदत मागितली. छत्रपती राजाराम महाराज नुकतेच जिंजीहून परतले होते आणि वऱ्हाडात मुसंडी मारण्याचा विचार करीत होते. देवगडकरांचे आमंत्रण त्या बेतात अगदी चपखल बसणारे होते. सह्याद्रीतील मराठा राजा आणि सातपुड्यातील मुसलमान गोंड राजा एकाच शत्रूविरुद्ध हातमिळवणी करीत होते. धर्माच्या चौकटीतून हा काळ पाहणाऱ्यांनी या प्रसंगाचा जरूर विचार करावा. त्या वर्षीच्या हिवाळ्यात महाराज निघालेही, परंतु शाहजादा बेदारबख्त याच्या फौजेने वाट अडवली आणि बेत फसला. २ मार्च १७०० रोजी सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले. मैत्रीचे हे पान तेथेच मिटले.

राजे एकटे पडले, पण थांबले नाहीत. १७०१ मध्ये त्यांनी वऱ्हाडात अली मर्दानखानाशी झुंज दिली आणि पराभव पत्करला. देवगड पुन्हा मोगलांच्या हाती गेले. त्याचे इस्लामगड असे नामकरणही झाले. पण मोगलांचा अंमल किल्ल्याच्या तटाबाहेर फारसा पोचत नव्हता. दख्खनमध्ये गुंतलेल्या वृद्ध बादशहाला गोंडवनाच्या रानात कायमची फौज ठेवणे परवडणारे नव्हते. राजांना हे पक्के ठाऊक होते, आणि त्यांचे पुढचे यश लढाईपेक्षा या जाणिवेवर अधिक उभे होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

बारा वाड्यांचे शहर

याच धामधुमीत, १७०२ च्या सुमारास, नाग नदीच्या काठी नागपूर शहर आकारास आले. तेथे बारा लहान वाड्या होत्या. त्यांना एकत्रितपणे राजापूर बारसा म्हणत. सीताबर्डी, फुटाळा, लेंढरा ही त्यांपैकी काही नावे आजही नागपूरकरांच्या तोंडी आहेत. राजांनी या वाड्या रस्त्यांनी जोडल्या, पेठ बसवली आणि वस्तीला शहराचे रूप दिले. पूर्वी आपण जो प्रश्न बाजूला ठेवला होता, त्याचे उत्तर हे आहे. नाव जुने, गढी जुनी. शहर मात्र नवे.

ही जागा निवडण्यामागचा विचार नकाशा उघडून पाहिल्यास सहज उमगतो. देवगड हा लपण्याचा किल्ला. तेथे शत्रूला चढणे अवघड, तसेच धान्याच्या गाडीलाही अवघड. नागपूर सपाटीवर, काळ्या मातीच्या कापूस-ज्वारीच्या पट्ट्याच्या आणि पूर्वेकडील धानाच्या पट्ट्याच्या मधोमध. डोंगरावरचा राजा मैदानात उतरत होता.

मैदानात उतरायचे तर मैदान कसणारे हात हवेत. राजांनी बाहेरून शेतकरी, कारागीर आणि व्यापारी बोलावले. हिंदू असो वा मुसलमान, जो कर्तबगार त्याला काम, असे त्यांचे धोरण होते, अशी प्रशंसा जेंकिन्सने शंभराहून अधिक वर्षांनी ऐकीव माहितीच्या आधारे केली आहे. नवी गावे वसली, शेती आणि उदीम वाढला. राज्याचा विस्तारही झाला. मंडल्याच्या राजांना बंडखोरांविरुद्ध मदत केल्याबद्दल शिवनी आणि डोंगरताल हा मुलूख त्यांना मिळाला. छिंदवाडा, बैतूल, नागपूर, शिवनी, बालाघाट आणि भंडारा या आजच्या जिल्ह्यांचे कमी-अधिक भाग त्यांच्या राज्यात होते. गोंदिया हा तेव्हाच्या भंडारा मुलखाचाच भाग. स्वतंत्र जिल्हा तो १ मे १९९९ रोजी झाला.

वैनगंगेच्या काठी

आता आपल्या परिसराकडे वळू. माळव्यातील धार आपले मूळ ठिकाण मानणारे पोवार प्रथम रामटेकजवळच्या नगरधन भागात आले आणि तेथून वैनगंगेच्या खोऱ्यात पसरले, असे परंपरा सांगते. त्यांच्या येण्याचा काळ बख्त बुलंद शहांच्या कारकिर्दीशी जोडला जातो. लोधी आणि कुणबी शेतकऱ्यांनाही याच सुमारास या भागात वाव मिळाला. तिरोडा-गोंदियाकडे आज घरोघरी ऐकू येणारी पोवारी बोली या स्थलांतराची जिवंत साक्ष आहे. मराठीचा अभ्यास करणाऱ्या आपल्यापैकी कोणाच्या आजीच्या तोंडी ती असेल, तर तिचे शब्द टिपून ठेवावेत; ते इतिहासाचे साधन आहे.

मात्र या प्रदेशातील प्रत्येक चांगल्या गोष्टीचे श्रेय या एकाच राजांना देण्याचा मोह टाळावा. आपल्याकडील धानाची शेती ज्या तलावांवर उभी आहे, ते नवेगावबांधसारखे तलाव कोहळी समाजाच्या कौशल्याचे फळ आहे, आणि कोहळ्यांना आणण्याचे श्रेय परंपरा चांद्याच्या गोंड राजांना देते. देवगड आणि चांदा या दोन्ही राज्यांच्या छाया आपल्या जिल्ह्यावर पडलेल्या आहेत.

लष्करी व्यवस्थेसाठी राजांनी पठाण सरदार नेमले. त्यांपैकी राजखान पठाण हे नाव भंडारा आणि शिवनी या दोन्ही भागांच्या इतिहासात येते. तुमसरजवळचा अंबागडचा किल्ला त्याने १७०० च्या सुमारास बांधला, असे मानले जाते. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगडही गोंडकालीन किल्ल्यांच्या याच मालिकेत गणला जातो. आपण तेथे महाशिवरात्रीच्या यात्रेला गेला असाल. त्या डोंगरावर महादेवाचे स्थान आहे आणि ख्वाजा उस्मान हारूनी यांच्या नावाचा दर्गाही आहे. एकाच पायवाटेने दोन्हींकडे माणसे जातात.

या भरभराटीची दुसरी बाजूही नोंदवणे आवश्यक आहे. नांगरटीखाली आलेली जमीन पडीक दिसत असली, तरी ती कोणाच्या तरी वापरात होती. गोंडांची फिरती शेती, मोहाची झाडे, शिकारीचे रान यांवर नव्या गावांची शिवारे उभी राहिली. राजा गोंड होता, पण त्याच्या राज्यातील सुपीक सपाटी हळूहळू इतरांच्या हाती गेली आणि पुष्कळसा गोंड समाज देवरी-सालेकशाच्या डोंगराळ पट्ट्याकडे सरकला. ही प्रक्रिया एका कारकिर्दीत पूर्ण झाली नाही. भोसल्यांच्या आणि नंतर इंग्रजांच्या मालगुजारी पद्धतीत ती अधिक कठोर झाली. परंतु तिचा आरंभ शोधू गेल्यास आपण याच राजांपाशी येऊन पोचतो. त्यांनी हे हेतुपुरस्सर केले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. खजिना भरल्याशिवाय बादशहाला तोंड देता येत नव्हते, आणि नांगराशिवाय खजिना भरत नव्हता.

घराण्याची पुढील कथा

अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात राजांचे निधन झाले. त्यांच्यामागून गादीवर आलेले चांद सुलतान यांनी राजधानी नागपुरात आणली, शहराला तटबंदी केली आणि जुम्मा तलाव बांधला. तोच पुढे शुक्रवारी तलाव आणि आजचा गांधीसागर. चांद सुलतान यांच्या मृत्यूनंतर, १७३० च्या दशकाच्या अखेरीस, बख्त बुलंद शहांचा अनौरस पुत्र वलीशहा याने गादी बळकावली. चांद सुलतान यांच्या विधवा राणीने वऱ्हाडातून रघुजी भोसले यांना मदतीस बोलावले. रघुजींनी वलीशहाचा बंदोबस्त केला आणि मोबदला घेऊन ते परतले. नंतर बुऱ्हाणशहा आणि अकबरशहा या भावांत तंटा लागला. पुन्हा बोलावणे गेले. या वेळी रघुजी परतले नाहीत. १७४३ पर्यंत नागपूरची सत्ता भोसल्यांची झाली होती.

पन्नास वर्षांपूर्वी देवगडच्या एका राजपुत्राने गादीसाठी बाहेरच्या बलिष्ठाचा दरवाजा ठोठावला होता. आता त्याच घराण्यातील राणीने तसाच दुसरा दरवाजा ठोठावला. फरक एवढाच की, औरंगजेबाला गोंडवनात राहण्याची निकड नव्हती आणि रघुजींना होती.

तथापि रघुजींनी गोंड राजांना नाहीसे केले नाही. बुऱ्हाणशहांना नागपुरातच सन्मानाने ठेवण्यात आले, त्यांना महसुलाचा वाटा बांधून देण्यात आला आणि राजा ही पदवी त्यांच्याकडेच राहिली. भोसल्यांच्या घरात नवा राजा गादीवर बसताना त्याच्या कपाळी टिळा लावण्याचा मान गोंड राजांचा होता. जेंकिन्सच्या काळापर्यंत ही रीत माहितीत होती. जंगलातून येऊन मैदानात शहर वसवणाऱ्या त्या मुसलमान गोंड राजांच्या वंशजाने, साताऱ्याच्या छत्रपतींची सनद घेऊन आलेल्या मराठा सरदाराच्या कपाळावर कुंकवाचा टिळा लावायचा, आणि मगच नागपूरच्या दरबाराने मुजरा करायचा. घराण्याची सत्ता गेली. गोंड किल्ला म्हणून ओळखली जाणारी महाल भागातील त्यांची वास्तू आणि राजा हे संबोधन तेवढे पुढच्या पिढ्यांकडे राहिले.